अठ्ठावन्न टाके

"उसवायचं म्हणजे काय? तिने विणलंय ते!"

मायक्रॉन इतक्या जोरात ओरडला की त्याच्या मुलीने आधी खिडकी लावून घेतली आणि मगच त्याच्याकडे पाहिलं. सोफ्यावर त्याची मेहुणी बसली होती. तिच्या मांडीवर निळ्या लोकरीचा अर्धा स्वेटर होता, सुया लावलेला.

मायक्रॉन हे काही त्याचं खरं नाव नव्हतं. एकतीस वर्षं त्याने कारखान्यात लेथ चालवली. केसभर चूकही त्याला खपायची नाही, म्हणून साहेबापासून झाडूवाल्यापर्यंत सगळे त्याला मायक्रॉन म्हणत. निवृत्त झाला, तरी ते नाव काही गेलं नाही. बायको जाऊन चार महिने झाले होते आणि या चार महिन्यांत तो ज्याच्या त्याच्या अंगावर धावून जात होता. वरच्या मजल्यावरचे काका म्हणाले, "झोपेत गेल्या, नशीबवान हो," तर याने त्यांच्या तोंडावर दार आपटलं. बँकेतल्या मुलीने मृत्यूचा दाखला दुसऱ्यांदा मागितला, तेव्हा तिथल्या काउंटरवर त्याने असा हात आपटला की वॉचमन धावत आला.

"बाबा, स्वेटर माझा आहे," मुलगी म्हणाली. "आई माझ्यासाठी विणत होती. मला तो घालायचाय. कपाटात ठेवून काय करू?"

"मग पुढे विणा ना. उसवता कशाला?"

"भावोजी, ते पुढे नेता येत नाही," मेहुणी म्हणाली. घरात सगळे तिला धाकटी म्हणत. साठी उलटली तरी धाकटीच. तिच्या हातचे स्वेटर दुकानात ठेवले तर लोक यंत्राचे समजतील, इतकी तिची सफाई. "ताई डावखुरी होती. तिचं सगळं उलटीकडून जायचं. टाके सुईवर उलटे बसलेत. मी माझ्या हाताने पुढे विणलं, की तिथपासून वेगळं दिसणार. त्यापेक्षा उसवते आणि पहिल्यापासून सरळ विणून देते. लोकर चांगली आहे."

"सरळ म्हणजे?"

"सरळ म्हणजे सरळ. सगळे विणतात तसं."

"ग्राइंडर बघितलाय कधी तुम्ही?" मायक्रॉन तिच्यासमोर जाऊन उभा राहिला. "त्याला दोन्ही बाजूंना दगड असतो. उजव्या दगडाचा नट उजव्या आट्याचा, डाव्याचा डाव्या आट्याचा. नवीन माणूस डावा नट सोडवायला जातो आणि उलट आवळत बसतो. पण म्हणून त्या नटाला कोणी चुकीचा म्हणत नाही. तसाच असावा लागतो तो."

"अहो, हा स्वेटर आहे. ग्राइंडर नाही."

"मी विणतो."

मुलीला हसू आवरलं नाही. "बाबा, शर्टाचं बटण तुटलं तर तुम्ही शर्ट बदलता."

"मी विणतो म्हटलं ना! आण इकडे."

स्वेटर त्याने हिसकावूनच घेतला. कोणाला सांगण्यासारखं नव्हतं, पण त्याचा जीव त्या एका ओळीत अडकला होता. पाठ पूर्ण झाली होती, पुढचा भाग छातीपर्यंत आला होता आणि तिथे ओळीच्या मधेच ती थांबली होती. एका सुईवर चौतीस टाके विणलेले, दुसरीवर अठ्ठावन्न विणायचे राहिलेले. त्याने मोजले होते. इतकी वर्षं ती जेवायला बसण्याआधी, दार उघडायला उठण्याआधी, फोन घेण्याआधी म्हणायची, "थांबा, ही ओळ होऊ दे." बेल वाजवून वाजवून माणूस परत जायचा, पण ओळ पुरी केल्याशिवाय ती उठायची नाही. आणि शेवटच्या दिवशी "झोप आलीये" म्हणत ओळ अर्धी टाकून आत गेली. त्याचा त्याला राग होता. गेलेल्या माणसावर रागवू नये म्हणतात, म्हणून तो बाकी सगळ्यांवर रागवत होता.

शेवटी मुलीने मध्यम मार्ग काढला. मावशी दोन आठवडे याच शहरात होती, भाचीच्या घरी. तोवर बाबांनी ती एक ओळ पुरी करून दाखवायची. नाही जमलं तर स्वेटर मावशीकडे.

दुसऱ्या दिवशी तो लोकरीच्या दुकानात गेला. दुकानवाली गल्ल्यावर बसून क्रोशाने टोपी करत होती.

"मला विणायला शिकायचंय. डाव्या हाताने."

"डावखुरे आहात का?"

"नाही."

"मग?"

"विणणारी होती."

तिने त्याच्याकडे एकदा नीट पाहिलं. जाड सुया दिल्या आणि फिक्या रंगाची जाड लोकर. "गडद रंग नको, टाके दिसत नाहीत. बारीक लोकर नको, रडाल. वीस टाके घालायचे आणि सुलट विणत राहायचं. बाकी काही नाही."

"मला स्वेटर विणायचाय, पट्टी नाही."

"सगळे पट्टीनेच सुरू करतात, काका. स्टूल घ्या आणि माझ्या शेजारी नाही, समोर बसा. मी उजव्या हाताने करते, तुम्ही आरशात बघितल्यासारखं करा. आपोआप डावं होईल."

तो समोर बसला. लेथवर दोन्ही हातांनी चाकं फिरवलेली, त्यामुळे डावा हात अगदीच परका नव्हता. पण लोकर म्हणजे लोखंड नव्हे. त्याने टाके असे आवळले की त्यात सुईचं टोक शिरेना. "ढिले करा," ती म्हणाली. त्याने ढिले केले, तर सगळे घरंगळले. घरी आल्यावर मोजले तर वीस टाक्यांचे सत्तावीस झालेले. लेथवर लोखंडाचे वीस जॉब टाकून सत्तावीस बाहेर आले असते तर कारखान्यात चौकशी बसली असती. त्याने पट्टी भिंतीवर फेकली. मग जाऊन उचलली, उसवली आणि पुन्हा वीस घातले.

आठवडाभर हेच. सकाळी चहा, पट्टी, शिवी. दुपारी दुकान, पट्टी, दुकानवालीची शिकवणी. भोकं पडली, कड वाकडी झाली, मधेच एक टाका कमी. आठव्या दिवशी वीसचे वीस राहिले. दुकानवालीने पट्टी उलटसुलट करून पाहिली.

"आता बारीक सुयांवर सवय करा. त्यांच्या सुया कितीच्या आहेत? तसल्याच घ्या."

"आकडा पुसलाय."

"इकडे आणा, मी सुया मापायच्या पट्टीच्या भोकात घालून बघते. अंदाज येतो."

अंदाज! ज्याला उभ्या आयुष्यात अंदाज हा शब्द शिवीसारखा लागला, त्याला ही अंदाज शिकवत होती. "मी मापून सांगतो," तो म्हणाला आणि तडक घरी आला.

टेबलावर त्याने फडकं अंथरलं, स्वेटर ठेवला, चष्मा लावला आणि आपला मायक्रोमीटर काढला. अठ्ठावन्न टाक्यांच्या सुईचं टोक मापलं. मग मागचं टोक. दोन्हीकडे सव्वातीन मिलिमीटरच्या आसपास, पण मागच्या बाजूला जरा जास्त. म्हणजे झीज होती. जुनी सुई, मधे किती झिजली असेल? एका जागी माप घेऊन जॉब पास करणारा टर्नर तो नव्हता. तीन जागी माप घ्यायचं, हे त्याने स्वतः कितीतरी नवशिक्यांना दम देऊन शिकवलं होतं. आणि मधल्या जागेवर टाके होते.

त्याने सुई ओढून काढली.

माप घेतलं. तीन पॉइंट एकवीस. मान हलवली. सुई खाली ठेवली आणि मग त्याची नजर स्वेटरवर गेली.

अठ्ठावन्न टाके तोंड उघडून बसले होते, कशाचाही आधार नसलेले. तो दचकला आणि दचकून त्याने स्वेटर उचलला. तेवढ्याने काम झालं. एक टाका खाली घसरला, त्याच्या शेजारचा घसरला, मग मधला एक सरसर करत खाली गेला आणि मागे नुसत्या आडव्या धाग्यांची शिडी राहिली. त्याने बोटाने दाबायला पाहिलं, तर आणखी दोन सुटले.

"अरे थांब! थांब ना!" तो स्वेटरवर ओरडला.

मग बाल्कनीत धावला, दोरीवरचे कपडे तसेच खाली पाडले आणि सगळे चिमटे ओंजळीत भरून आणले. सुटलेल्या टाक्यांवर एकेक चिमटा लावला. या हातांनी एकतीस वर्षांत एक जॉब वाया घालवला नव्हता. जे धाकटीने करू नये म्हणून आरडाओरडा केला, तेच त्याने स्वतः केलं होतं, आणि तेही माप घेण्याच्या नादात. मायक्रोमीटर त्याने उचलून भिरकावला. तो स्वयंपाकघराच्या दारावर आपटला.

मग त्याने धाकटीला फोन लावला.

"या. क्रोशाची सुई घेऊन या."

"काय केलंत?"

"या म्हटलं ना!"

ती रिक्षाने आली. टेबलावर चिमट्यांनी भरलेला स्वेटर पाहून तिला आधी हसूच आलं. "हे काय, वाळत घातलाय का?" मग तिने वाकून ती शिडी पाहिली. बारा ओळी खोल.

"मी उसवते म्हटलं तर माझ्या अंगावर आलात," ती म्हणाली. तिचा आवाज चिरकला. "आणि तुम्ही काय केलंत? उसवायचंच होतं तर नीट तरी उसवायचं!"

"बोला. अजून बोला. पण बोलता बोलता काम करा."

तिने खुर्ची ओढली, पिशवीतून क्रोशाची बारीक सुई काढली आणि तळाचा टाका आकड्यात धरला. त्याच्या वरचा आडवा धागा ओढून त्यातून काढला. एक ओळ वर. पुन्हा पुढचा धागा. दुसरी ओळ. तो तिच्या खांद्यावरून बघत उभा राहिला. बारा ओळी चढून टाका वर आला, तसा तिने पहिला चिमटा काढून फेकला.

तासाभरात सगळे टाके वर आले. ती ते एकेक करून रिकाम्या सुईवर घेऊ लागली.

"थांबा."

"आता काय?"

"उलटे बसवताय."

"चाळीस वर्षं विणतेय मी, भावोजी."

"तिच्या सुईवर बघा." त्याने चौतीस टाक्यांची सुई तिच्या नाकासमोर धरली. "प्रत्येक टाक्याच्या फासाचा डावा पाय सुईच्या पुढे आहे. तुम्ही उजवा पुढे घेताय."

धाकटीने चष्मा सरकवून पाहिलं. बराच वेळ पाहिलं. मग घेतलेले सगळे टाके सोडले आणि पहिल्यापासून घ्यायला लागली, डावा पाय पुढे ठेवून.

"तिला विणताना मी लहानपणानंतर कधी पाहिलंच नाही," ती मान खाली घालूनच म्हणाली. "मी आले की ती पिशवी सोफ्याखाली सारायची."

हे त्याला माहीत होतं. धाकटीची बेल वाजली की बायको लगबगीने विणकाम लपवायची आणि तो हसायचा, 'चोरीचा माल आहे का गं?' ती नुसती त्याच्याकडे बघायची.

"का सारायची?"

"ती डाव्या हाताने विणायला लागली की मी जाऊन आईला सांगायचे. मी आठ वर्षांची. आई यायची आणि त्याच सुईने तिच्या डाव्या हातावर मारायची. मग शाबासकी मला." धाकटीने एक टाका घेतला. "ताईने आईला कधी काही म्हटलं नाही. मलाही नाही. फक्त माझ्यासमोर विणायची बंद झाली."

मायक्रॉन खुर्चीवर बसला. त्याचे कान तापले होते. "आणि इतकं सगळं करून तुम्ही आता ते सरळ करायला आलात?"

"मला वाटलं, तिचं एक तरी काम नीट पुरं करून द्यावं."

"नीटच होतं ते!"

"हो." तिने डोळे पुसले नाहीत, कारण दोन्ही हात गुंतले होते. "नीटच होतं. आता दिसलं."

"मला तुमचा भयंकर राग आलाय."

"येऊ द्या. मला काय माझं कौतुक वाटतंय का? मोजा."

त्याने मोजले. सत्तावन्न. दोघांनी पुन्हा मोजले, सत्तावन्न. अठ्ठावन्नावा शेवटच्या चिमट्यातच राहिला होता. तो सापडला तेव्हा दोघांनीही एकदम श्वास सोडला आणि एकमेकांकडे बघायचं टाळलं.

तेवढ्यात कामावरून सुटलेली मुलगी आली. दारातूनच तिने बापाला आणि मावशीला टेबलाशी बघितलं, खाली पसरलेले कपडे आणि चिमटे बघितले.

"उसवला शेवटी?"

"नाही!" दोघं एकदम ओरडले.

ती बाल्कनीतले कपडे गोळा करायला लागली.

धाकटीने आपली खुर्ची उचलली आणि वळसा घालून त्याच्यासमोर ठेवली. पिशवीतून स्वतःचं विणकाम काढलं. "तुम्हाला दुकानात समोर बसवून शिकवलंय, म्हणालात ना? मग माझ्याकडे बघा. मी माझ्या हाताने करते, तुम्ही तिच्या हाताने करा. सावकाश."

त्याने चौतीस टाक्यांची सुई डाव्या हातात घेतली, अठ्ठावन्नांची उजव्या. पस्तिसावा टाका. सुई घाल, धागा घे, ओढ, सोड. घट्ट झाला.

"ओढू नका इतकं."

"राग आहे मला. घट्टच होणार."

"असू द्या. पण पुढचा अडकेल."

पुढचा अडकलाच. त्याने शिवी दिली, तिने ऐकून घेतली आणि त्याने पुन्हा सुई घातली. मुलगी चहा ठेवून गेली, तो तसाच गार झाला. मधेच बेल वाजली. मुलगी उठली, तर तो खाली बघतच म्हणाला, "जो कोण असेल त्याला थांबायला सांग. ओळ चाललीये."

संध्याकाळ झाली तेव्हा ब्याण्णव टाके एका सुईवर होते. चौतीस एकसारखे आणि त्यापुढचे आखडलेले, वाकडे, एकाला एक न जुळणारे. आंधळ्यालाही बोट फिरवून कळलं असतं की इथून माणूस बदलला. त्याने ती ओळ उजेडात धरली.

"मी असाच घालेन," मुलगी म्हणाली. "एक टाका उसवायचा नाही कोणी."

मायक्रॉनने स्वेटर उलटा फिरवला आणि रिकामी सुई हातात घेतली. आता नवी ओळ. हिला बायकोचा हात लागलेला नव्हता आणि लागणारही नव्हता. तो सुई घालायला गेला आणि थांबला.

"हे सुलट येत नाहीये."

"नाही येणार. या बाजूने उलट टाके घालायचे. ते तुम्ही शिकलाच नाहीत अजून."

"मग शिकवा ना! बघत काय बसलात?"