तीन दिवसांपेक्षा जास्त

ईप्सिताने वडिलांना तीन महिन्यांसाठी जर्मनीतल्या येनाला आपल्या घरी बोलावलं, तेव्हा उल्हासरावांना तिकडे करमणार नाही, असं सगळ्यांनी छातीठोकपणे सांगितलं होतं. पण करमलं. चाळीस वर्षांपूर्वी याच गावात ते शिष्यवृत्तीवर भिंगं घडवायला शिकले होते. तेव्हा इथे पूर्व जर्मनीचं कम्युनिस्ट सरकार होतं. आता ते सरकार नाही आणि तो देशही नाही. उल्हासरावांची जर्मन तेवढी शिल्लक आहे. तिच्या जोरावर तळमजल्यावरच्या पंच्याऐंशी वर्षांच्या फ्राऊ क्र्यूगर यांच्याकडे त्यांची रोज दुपारी कॉफी ठरलेली.

त्या दिवशी बाईंनी कपाटातून एक करडी वही काढली. हाउसबुख. इमारतीत कुणाकडे पाहुणा तीन दिवसांपेक्षा जास्त राहिला, की त्याचं नाव, गाव, कधी आला, कधी जाणार, सगळं यात लिहायचं. सतरा वर्षं हे काम बाईंकडे होतं. देश बुडाला तरी त्यांनी वही रद्दीत घातली नव्हती. अक्षर मात्र दृष्ट लागण्यासारखं.

"सक्ती होती?" उल्हासरावांनी विचारलं.

"छे हो. पोलीस यायचा वर्षातून दोनदा. कॉफी घ्यायचा, पानं चाळायचा, सही करून जायचा. कधी आवाजसुद्धा चढवला नाही त्याने."

"मग का लिहीत होतात?"

"मी लिहिलं नसतं, तर मी लिहीत नाही हे वरच्या मजल्यावरून कुणीतरी कळवलं असतं. मी तरी तसंच धरून चालले होते."

उल्हासरावांनी कप खाली ठेवला. होस्टेलच्या दुसऱ्या मजल्याची अशीच वही त्यांच्याकडे होती. शेजारच्या खोलीत सांगलीचा गुरुदत्त. दोघं मिळून इलेक्ट्रिक शेगडीवर खिचडी शिजवायचे. एकदा गुरुदत्तकडे पश्चिम बर्लिनची एक मुलगी चार दिवस राहिली. उल्हासरावांनी निळ्या शाईत नोंद केली. आठवड्याभरात गुरुदत्तच्या हातात परतीचं तिकीट पडलं. ना चौकशी, ना आरडाओरडा. पदवी राहिली ती राहिलीच. पुढे त्याने सांगलीत चष्म्यांचं दुकान टाकलं. 'कुणी चुगली केली देव जाणे,' असं उल्हासराव त्याच्या लग्नात म्हणाले, त्याच्या मुलाच्या मुंजीतही म्हणाले. सुरुवातीला लाज वाटायची. मग तीही वाटेनाशी झाली, आणि खरं तर हेच जास्त वाईट होतं.

येत्या सोमवारी गुरुदत्तच्या हृदयाचं ऑपरेशन होतं. सकाळीच त्याचा मेसेज आला होता, 'येनात आहेस म्हणे. आपल्या होस्टेलचा फोटो पाठव.' फोटो उल्हासरावांनी लगेच पाठवला. आता नाही सांगितलं तर कदाचित सांगायला माणूसच उरणार नाही, हे त्यांना कळत होतं. पण आत काही हलत नव्हतं.

"अहो, कॉफी निवतेय तुमची," बाई म्हणाल्या.

त्यांनी फोन काढला. 'त्या मुलीची नोंद मी केली होती,' एवढंच लिहिलं आणि पाठवलं. माफी मागायचं सुचलं होतं, जमलं नाही.

दोन निळ्या खुणा उमटल्या. मग उत्तर आलं.

'ठाऊक आहे. मजल्याची वही तुझ्याकडेच होती. तुझ्याबद्दल दर आठवड्याला मी पोलिसांना लिहून द्यायचो. तुझ्याकडे कधी कुणी आलंच नाही, म्हणून तू राहिलास.'

उल्हासरावांनी ते दोनदा वाचलं. राग येईल म्हणून वाट पाहिली. आला नाही. रडूही आलं नाही.

"घरून काही वाईट बातमी?" बाईंनी विचारलं.

"नाइन, तसं काही नाही," उल्हासराव म्हणाले. "जुन्या मित्राचा मेसेज आहे. त्याचंही अक्षर चांगलं होतं."

बाईंनी मान डोलावली आणि त्यांच्या कपात गरम कॉफी ओतली.