आधी सांगणारीचा गोठा

तिच्या फाटकावर पाटी होती : 'बूट औषधात बुडवल्याशिवाय आत येऊ नये.' खाली उथळ टब, त्यात औषधाचं गुलाबी पाणी. गल्लीतल्या बारा गोठ्यांत हा थाट फक्त हिचाच, म्हणून सगळे तिला पाटीवाली म्हणत. दूध न्यायला येणारा ड्रायव्हर रोज विचारायचा, "वहिनी, पाय बुडवले. आता डोकंही बुडवू का?"

"बुडव. आत काही असेल तर मरेल तरी," पाटीवाली म्हणायची.

आता गंमत बघा. टबाचा एवढा तोरा मिरवणाऱ्या या बाईने महिन्यापूर्वी लाळ-खुरकताची लस टोचायला आलेल्यांना दारातूनच वाटेला लावलं होतं. लस दिली की चार दिवस दूध घटतं, आणि त्यात लाडकी कालवड गाभण, पहिलंच वेत. "ती व्याली की या," म्हणाली. निम्म्या गल्लीने हेच सांगितलं. उपदेश करायला सगळे पुढे, पण चार दिवसांचं दूध सोडायची वेळ आली की सगळे एकाच माळेचे मणी.

गल्लीचा एक नियम मात्र कोणी मोडत नसे. गाय विताना अडली आणि हाक आली की हातातलं काम टाकून धावायचं. पाटीवालीचा हात बारीक आणि आतलं वासरू चाचपण्यात तयार, त्यामुळे पहिली हाक तिलाच.

एका दुपारी शेजारणीचा फोन आला. दोघी एकाच वर्षी लग्न होऊन या गल्लीत आलेल्या, एकमेकींच्या घरात न विचारता डबे उघडणाऱ्या.

"अगं, गाय अडलीय. एकच पाय बाहेर आलाय. पळत ये."

पाटीवाली पळत गेली. खांद्यापर्यंत हात घालून तिने दुमडलेला पाय सरळ केला, दोघींनी मिळून वासरू ओढलं. गोठ्याचा पलीकडचा अर्धा भाग ताडपत्रीने झाकलेला होता.

"हे काय गं?"

"ऊन येतं तिकडून," शेजारीण म्हणाली आणि चहा टाकायला वळली.

पाटीवालीने मान डोलावली. मैत्रिणीच्या शब्दावर कोण उलटतपासणी घेतं? घरी आल्यावर तिने फाटकाशी दोन्ही बूट टबात बुडवले, एकदा सोडून दोनदा. मग ओल्या बाह्यांनिशी तशीच आत गेली आणि कालवडीच्या गळ्यात हात घालून तिला पेंड भरवली. पाटीवर बुटांबद्दल लिहिलं होतं, बाह्यांबद्दल काही लिहिलं नव्हतं.

पाचव्या दिवशी कालवडीच्या तोंडातून लाळेच्या तारा लोंबू लागल्या. जिभेवर फोड, पाय टेकवेना. लाळ-खुरकत.

"दोन दिवस थांब," नवरा म्हणाला. "बरं होतं आपोआप. पहिलं नाव आपलंच कशाला?"

तिने त्याच तासाला जनावरांच्या डॉक्टरांना फोन केला. डॉक्टर आले, फाटकाला लाल पट्टी बांधून गेले, आणि दुसऱ्या दिवसापासून सगळ्या गल्लीचं दूध घेणं बंद झालं. लोकांना कारण हवंच होतं. पाटीवालीने रोग आणला, असं संध्याकाळपर्यंत ठरून गेलं.

डॉक्टरांनी विचारलं होतं, "गेल्या दहा दिवसांत कुणाच्या गोठ्यात गेला होता?" तेव्हा तिला ती ताडपत्री आठवली. तरी तिने खरं सांगितलं. डॉक्टर शेजारणीकडे गेले. शेजारीण चारचौघांसमोर म्हणाली, "तीच येऊन गेली ना आमच्याकडे. त्यानंतरच आमच्या गायी आजारी पडल्या."

डॉक्टरांनी कागदावर लिहिलं की शेजारणीकडच्या जखमा जुन्या दिसतात. पण कागद कोण वाचतो? पाटीवालीला रोगापेक्षा हे वाक्य जास्त लागलं. दोन रात्री ती न जेवताच झोपली.

मग सकाळीच कालवड अडली. नवऱ्याचा पंजा फावड्याएवढा, आत जाईना. तिचा हात बारीक, पण एकटीला वासराचं डोकं वळवता येईना. डॉक्टर लांबच्या गावी होते, दुपारनंतर येणार होते. तिने घरोघरी फोन लावले. एकीची मुलगी आजारी होती, तिघांनी उचललाच नाही. एकजण म्हणाला, "वहिनी, तुमच्याच पाटीवर लिहिलंय ना, येऊ नये म्हणून?"

खरं तर न येणंच शहाणपणाचं होतं. हेच ती सगळ्यांना इतकी वर्षं शिकवत होती. पण कालवड डोळे पांढरे करत होती, आणि अशा वेळी शहाणपण कुणाला हवं असतं!

फाटकाशी शेजारीण उभी होती. तिच्या गोठ्यात रोग आधीच होता, तिचं आता काय जाणार?

"येऊ का?"

पाटीवालीने तोंड फिरवलं, पण वाट सोडली. तासभर दोघी राबल्या. वासरू मेलेलं आलं. कालवड वाचली.

हात धुताना पाटीवालीचा बांध फुटला. "ताडपत्री लावलीस तू! मला एका शब्दाने सांगायचं होतंस."

"सांगितलं असतं तर आली असतीस?"

खोटं बोलता आलं असतं. "नाही," पाटीवाली म्हणाली.

"मग माझी गाय मेली असती." शेजारणीने पदराने हात पुसले. "आणि माझ्या एकटीकडे नव्हतं ते. खालच्या बाजूच्या चार गोठ्यांत आधीपासून होतं. अजून झाकूनच आहेत. आधी कोण सांगतं, याची सगळे वाट बघत होते. सगळ्यांना माहीत होतं, तूच सांगणार."

"आणि माझ्या नावाने बोंब मारायची, तेही ठरलेलं होतं?"

शेजारणीने बादलीतलं पाणी ओतून टाकलं.

तेवढ्यात फोन वाजला. डॉक्टर रस्त्यात होते. वासराचं ऐकून हळहळले, मग म्हणाले, "ताई, एक तुम्हीच खरं सांगता म्हणून विचारतो. गल्लीत आणखी कुठे आहे का? आजच कळलं तर पुढची गावं वाचतील."

शेजारीण तिच्या तोंडाकडे बघत होती. पाटीवाली मेलेल्या वासराकडे बघत होती.

"मला काही माहीत नाही, डॉक्टर," ती म्हणाली.