खालचा बाण

लालबागच्या चाळीत बसून हेरंब साटमने दोन वर्षं घासून एक गेम केला. एकट्याने, माझगावच्या पतपेढीतून बिनपगारी रजा काढून. रजा संपायच्या आत गेम कुणी उचलला तर ठीक, नाही तर परत काउंटर, हे घरात ठरलेलं होतं. त्याच्या बायकोने, रश्मीने, दोन वर्षांत एकदाही तोंड वाकडं केलं नाही.

गेम साधा. चाळीत हरवलेल्या धाकट्या भावाला एक पोरगी खोल्याखोल्यांत शोधते. बाणांच्या बटणांनी चालायचं, लांब बटणाने उडी. खोलीत शिरायचं तर उंबरठ्याशी खालचा बाण दाबायचा, की पोरगी वाकून चपला काढते आणि दार उघडतं. नाही काढल्या तर आतली बाई जाळीतून तिच्या पायांकडे बघत राहते. झालं! हे गेममध्ये वेगळं सांगायची गरज हेरंबला वाटलीच नाही. कशी वाटणार? अख्ख्या चाळीने खेळून बघितला, कुणी अडलं नाही. त्याचे वडील अण्णा, माउस उलटा धरणारा माणूस, पण त्यांनीही पहिल्याच दाराशी पोरीला बरोबर वाकवलं. "एकदम सोप्पं रे," म्हणाले, "जरा कठीण कर." आणि या शहाण्याने वरचे मजले कठीण केले!

परदेशातली एक कंपनी वर्षाला एकच नवा गेम घ्यायची. शुक्रवारी दुपारी तिचा नकार आला, सोबत परीक्षकाच्या खेळाचं रेकॉर्डिंग. हेरंब आणि रश्मी कॉटवर बसून बघू लागली. पोरगी चपलांसकट दाराशी गेली. दार बंद. उडी मारली. मागे जाऊन धावत आली, आपटली. बाईने पायांकडे बघितलं. पुन्हा उडी. बावीस मिनिटं हेच.

"अरे काढ ना चपला!" रश्मी स्क्रीनवर ओरडली. "काढ रे बाबा!"

खालचा बाण कुठेच लिहिलेला नव्हता. चाळीस खोल्या, जिन्यावरचं ऊन, पिंपांची रांग, शेवटी सापडणारा भाऊ, यातलं त्या माणसाने काहीच बघितलं नव्हतं. त्याचा शेरा एका ओळीचा होता: चित्रं छान, दार बिघडलेलं.

अर्ध्या तासात हेरंबने गेममध्ये सूचना घातली आणि अक्षरशः पाया पडून पत्र लिहिलं. उत्तर लगेच आलं. एकदा बघितलेला गेम ते परत बघत नाहीत.

"मग दुसरीकडे पाठव ना," रश्मी म्हणाली.

"पाठवून झालाय गं. अकरा जणांना. हाच." अकराही जणांनी कारण न देता नाही म्हटलं होतं. कारण आज कळलं. त्याला रडू फुटलं, आणि रश्मीने स्क्रीन बंद केली.

रजा संपली, सोमवारी तो पतपेढीत हजर झाला. जेवणाच्या सुट्टीत शेजारच्या टेबलावरच्या प्रितीने डबा उघडत विचारलं, "काय रे, दोन वर्षं केलंस तरी काय?"

"काही नाही," हेरंब म्हणाला. "घरीच होतो."