स्वच्छ थुंकी

आमच्या घरी आलेल्या पाहुण्याला पाणी नंतर मिळायचं. आधी दारातच त्याला तोंड उघडून स्वतःची तीन बोटं, एकावर एक उभी धरून, दातांमध्ये घालून दाखवावी लागायची. गेली तर ‘या, बसा’. नाही गेली तर आई त्याला खिडकीपाशी नेऊन, बॅटरी मारून, गालांची आतली बाजू बघायची. तंबाखू-सुपारीची पुडी दाढेखाली धरणाऱ्यांचं तोंड हळूहळू आखडत जातं, गाल आतून ताठ होतात आणि तिसरं बोट आत जाईनासं होतं, हे मला बेरीज यायच्या आधी पाठ होतं. माझ्या होणाऱ्या सासऱ्यांनाही आईने सोडलं नाही. लग्न मोडलं नाही हे त्यांचं मोठेपण. मी मात्र लाजेने मेले होते आणि नंतर बरेच दिवस आईशी धड बोलले नव्हते.

या परीक्षेतून एकच माणूस नेहमी सुटायचा. आईचा धाकटा भाऊ, माझा मामा. तो बस ड्रायव्हर. यायचा तोच दोन्ही हातांत पिशव्या घेऊन. “ताई, हात मोकळे नाहीत गं, नंतर,” असं म्हणत थेट स्वयंपाकघरात शिरायचा, आणि ते ‘नंतर’ कधी उगवायचं नाही.

आईचं सगळं आयुष्य लोकांची तंबाखू सोडवण्यात गेलं. ते तिचं संशोधन, तीच तिची नोकरी. सुरुवातीला तिने सडलेल्या जबड्यांची पोस्टर्स बाजारात आणि कारखान्यांच्या फाटकांवर लावली. लोक पोस्टर बघायचे, चुकचुकायचे, आणि चुकचुकून तोंड कोरडं पडलं म्हणून एक चिमूट आत टाकायचे. मग ती घरोघर जाऊन विचारू लागली, सोडली का? “सोडली की बाई, कधीच!” असं छाती पुढे काढून सांगणाऱ्याच्या छातीवरच्या खिशात पुडी फुगलेली दिसायची. तेव्हापासून तिने तोंडी उत्तर मानणं बंद केलं.

तंबाखूची खूण थुंकीत उतरते आणि प्रयोगशाळेत मोजता येते. आई झाकणाच्या छोट्या डब्या घेऊन फिरू लागली. “माणूस खोटं बोलतो, थुंकी बोलत नाही,” हे तिचं ब्रीदवाक्य. लोकांनी तिचं नाव थुंकीबाई ठेवलं. तिला त्याचा राग नव्हता. उलट ऑफिसात कुणी चिडवलं तर म्हणायची, “साहेबाची थुंकी झेलण्यापेक्षा ड्रायव्हरची झेललेली बरी.” असल्या बोलण्यामुळेच तिची बढती दोनदा हुकली असावी.

तिचा दुसरा नियम त्याहून कडक होता. ज्याची डबी आली नाही, किंवा ज्याच्या डबीबद्दल शंका आली, तो माणूस तंबाखू खातोच असं धरायचं. मी तिचे अहवाल टाईप करायचे. एकदा तिला म्हटलं, हा अन्याय आहे, एखाद्याने खरंच सोडली असेल. ती म्हणाली, “असेल. पण संशयाचा फायदा आपण घेतला की उद्या आपल्या खऱ्या आकड्यावरही कुणी विश्वास ठेवत नाही.”

अशी ही बाई, आणि तिचाच सख्खा भाऊ मात्र दिवसभर दाढेखाली पुडी धरून बस चालवायचा. पिकतं तिथे विकत नाही म्हणतात ते खोटं नाही. आईने त्याला समजावलं, शिव्या दिल्या, बोलणं टाकलं, पुन्हा सुरू केलं. सगळं पालथ्या घड्यावर पाणी. जेवताना मामा बाहेर चूळ भरायला गेला की आईचा घास हातातच राहायचा. बाकी जगाच्या तोंडाची तिला काळजी होती. या एका तोंडाची भीती होती.

निवृत्ती जवळ आली तेव्हा तिने शेवटचा मोठा अभ्यास हाती घेतला. काही बस डेपोंत ड्रायव्हर-कंडक्टरांच्या विश्रांतीच्या खोलीशेजारी एक समुपदेशक बसवायचा. तो रोज भेटणार, तलफ आली की काय करायचं ते शिकवणार. बाकी डेपोंत नुसती पोस्टर्स. शेवटी दोन्हीकडच्या थुंकीची तुलना. फरक चांगला दिसला तर प्रत्येक डेपोत असा माणूस नेमायचं बस महामंडळाच्या वरिष्ठांनी कबूल केलं होतं. कुठे समुपदेशक आणि कुठे पोस्टर, हे चिठ्ठ्या टाकून ठरलं. मामाच्या डेपोला समुपदेशक मिळाला. भावाचा डेपो म्हणून आईने तिथे पाऊलही टाकलं नाही, आपल्या हाताखालच्या सहकाऱ्याला पाठवलं.

आणि एक दिवस मामाने फोन करून सांगितलं, “ताई, मी सोडली.”

आईने विश्वास ठेवला नाही. पण डब्या गोळा झाल्यावर तो परत म्हणाला, “मी डबी दिलीय ना! आता माझी थुंकीच सांगेल.” मग मात्र ती हलली. त्या आठवड्यात ती कुकरच्या शिट्ट्यांच्या तालावर गुणगुणत होती. मी तिला गाताना कधी ऐकलं नव्हतं, आणि खरं सांगायचं तर तिने गाऊही नये. पण मला बरं वाटलं.

निकाल आले तेव्हा मी तिच्या ऑफिसात टाईप करत बसले होते. सहकारी पेढे वाटायच्या बेतात होता. मामाच्या डेपोत सगळ्यांनी सोडली होती! असा निकाल कुणी कुठे पाहिला नव्हता. आईने आकडे वरपासून खालपर्यंत वाचले, चष्मा पुसला, पुन्हा वाचले, आणि तिचा चेहरा उतरला.

“काय झालं?” मी विचारलं.

“सगळ्यांचा आकडा एकच आहे.”

“शून्यच आहे ना? मग चांगलंच की.”

“अगं, त्या खोलीत अभ्यासात नसलेली कितीतरी माणसं सिगारेट ओढतात. न खाणाऱ्याच्या थुंकीतही दुसऱ्याच्या धुराचा थोडा अंश येतो. कुणाच्या कमी, कुणाच्या जास्त. माणूस तितका आकडा. इथे पंचवीसेक माणसं आणि थुंकी एकाच तोंडातली.” मग ती सहकाऱ्याकडे वळली. “डब्या तुमच्यासमोर भरल्या होत्या का?”

सहकारी भिडस्त माणूस. तो कानापर्यंत लाल झाला. “ते म्हणाले, साहेब, तुमच्यासमोर थुंकायला लाज वाटते. मग मी पाठ केली.”

आईने पर्स उचलली आणि ती मला म्हणाली, “चल.”

डेपोतली ती खोली लांबट होती. भिंतीला लोखंडी कपाटं, मधे रेक्झिनचे फाटके बाक, कोपऱ्यात पिंक टाकायला वाळूचा डबा. दुपारची पाळी बदलत होती. आई दारात दिसताच बाकांवर बसलेले सगळे उठून उभे राहिले. वर्गात मास्तर शिरल्यावर पोरं उठतात तसे. मामा कपाटापाशी गणवेशाची बटणं लावत होता. त्याच्या शेजारी बस धुणारा एक किडकिडीत माणूस बादली घेऊन उभा होता. त्याला सगळे फिनेल म्हणायचे. त्याने उभ्या जन्मात तंबाखूला हात लावला नव्हता आणि त्याचं काम बाहेर, मोकळ्या हवेत, पाण्याच्या पाईपाशी.

“थुंकी कुणाची होती?” आईने विचारलं.

सगळ्यांचे डोळे फिनेलकडे गेले. फिनेलने बादली खाली ठेवली.

“माझीच, बाई. दुपारभर थुंकायला लावलं मला या लोकांनी. पाणी पी, थुंक, पाणी पी, थुंक. शेवटी तोंडात काही उरेना, तेव्हा लिंबू दाखवलं.”

मला हसू आलं, आणि मी ते ओठ चावून दाबलं. मागे कुणाला तरी ते दाबता आलं नाही.

“कुणाची अक्कल ही?”

“माझी,” मामा म्हणाला. “ताई, ओरडू नकोस, आधी ऐक. तुझा शेवटचा अभ्यास. आमच्या डेपोत कुणाची सुटेना. तो समुपदेशक भला माणूस, पण आमचीच खोड जुनी. मी पोरांना म्हटलं, माझ्या बहिणीने या कामात आयुष्य घातलंय, आणि तिच्या भावाच्याच डेपोत तिचं नाक कापलं जाणार. एवढं तरी करू तिच्यासाठी. सगळे लगेच हो म्हणाले. एकानेही आढेवेढे घेतले नाहीत.”

“खरंच बाई,” एक वयस्क कंडक्टर म्हणाला. “प्रेमाने केलं.”

ते खरं होतं, आणि म्हणूनच आईला काय करावं सुचेना. रागावायला आलेल्या माणसासमोर एवढं प्रेम वाढून ठेवलं की पंचाईत होते. ती बाकावर टेकली.

“माझं नाक वाचवलंत,” ती म्हणाली, “पण तोंडं तुमची आहेत रे. आणि तू मला सांगितलंस, सोडली. मी विश्वास ठेवला. आयुष्यात पहिल्यांदा मी कुणाच्या तरी शब्दावर गात बसले होते.”

मामाची मान खाली. आईने त्याच्या हातांकडे पाहिलं. हातांत पिशव्या नव्हत्या.

“तीन बोटं घाल.”

“ताई, इथे सगळ्यांसमोर...”

“बाळ्या, घाल.”

मामाने तोंड उघडलं. दोन बोटं गेली. तिसरं त्याने रेटलं, डोळ्यांत पाणी येईपर्यंत रेटलं. ते दातांवर अडलं ते अडलंच. आता खोलीत कुणी हसत नव्हतं. आई उठली, त्याची हनुवटी धरली, आणि बॅटरी नव्हती म्हणून त्याला खिडकीपाशी नेलं. गालाचा आतला भाग पांढरा पडला होता.

“कधीपासून?”

“दोनेक वर्षं. तिखट लागलं की आग होते. तुला कळू नये म्हणून तर पिशव्या.”

दुसऱ्या दिवशी आईने दोन कामं केली. सकाळी मामाला दवाखान्यात नेऊन गालाचा तुकडा तपासायला दिला. दुपारी तिने वरिष्ठांना भेटून सांगितलं की एका डेपोतले सगळे नमुने खोटे आहेत, आणि नियमाप्रमाणे तिथला प्रत्येक माणूस तंबाखू खातो असंच धरलं जाईल. सहकाऱ्याने तिला विनवलं, निदान तो डेपो अभ्यासातून वगळू या, त्यांना नापास कशाला करायचं? आई म्हणाली, “चिठ्ठीत निघालेला डेपो आहे. निकाल आवडला नाही म्हणून वगळता येत नाही.” फरक उरला तो नखाएवढा. प्रत्येक डेपोत माणूस नेमायची गोष्ट बारगळली. वरिष्ठ म्हणाले, दोन-तीन डेपोंत चालू ठेवू, मग बघू. त्यांचं ‘मग बघू’ म्हणजे मामाचं ‘नंतर’. इतक्या वर्षांत पुढे सरकलेलं काम असं परत दारात जाऊन बसलं, आणि तेही आईने स्वतःच्या हाताने बसवलं. मी तिच्यावर चिडले. ती घरी येऊन भांडी घासत बसली, घासलेली भांडीसुद्धा.

मामाला कर्करोग नव्हता. पण आखडलेलं तोंड आता पूर्ववत होणार नव्हतं, आणि पुढे काय होईल ते पुडीवर होतं. डॉक्टरांनी हे सांगितलं तेव्हा आईने त्याचा हात धरला होता, आणि तो तिने गाडीत बसेपर्यंत सोडला नाही.

मामाने सोडली, पण सहजासहजी नाही. तो चिडचिडा झाला, प्रवाशांशी भांडला, दोनदा पुन्हा धरली, दोनदा आईला स्वतःहून सांगितलं. चालू ठेवलेल्या दोन-तीन डेपोंत त्याचाच एक होता. तिथल्या समुपदेशकाच्या खुर्चीसमोर तो रोज पाळी संपल्यावर जाऊन बसायचा. पाठोपाठ वयस्क कंडक्टर बसू लागला, मग आणखी काहीजण. आई यातलं काही लिहू शकत नव्हती. अभ्यास बंद झाला होता.

आई निवृत्त झाली त्यानंतरच्या वर्षी मामा घरी आला. एक हात मोकळा होता, दुसऱ्यात झाकणाची डबी.

“ताई, ही घे. माझी. घरून भरून आणलीय.”

आईने डबी घेतली आणि सरळ कचऱ्यात टाकली. मामाचा चेहरा पडला. तिने कपाटातून नवी डबी काढून त्याच्या हातात दिली.

“समोर थुंक.”

“आता कुठून आणू? सगळी त्यात घातली.”

“लिंबू दाखवू का?”

तो हसला, आणि मग स्वयंपाकघराच्या स्टुलावर डबी धरून बसला. बराच वेळ लागला. ताठ गालांनी थुंकी गोळा करणं सोपं नसतं. आई त्याच्यासमोर बसून राहिली आणि तिने एकदाही पाठ केली नाही.

प्रयोगशाळेत आईला अजून सगळे ओळखत होते. त्यांचा फोन आला तेव्हा मामा आमच्याकडेच होता, मऊ भात चमच्याने खात. आईने आकडा ऐकला, फोन ठेवला, आणि पदराने डोळे पुसू लागली. मामाने चमचा खाली ठेवला.

“काय गं? शून्य नाही आलं?”

“नाही आलं.”

“ताई, शपथ घेतो, मी...”

“अरे गाढवा, शून्य आलं असतं तर मी मानलं नसतं. एवढासा अंश आहे. दुसऱ्यांच्या धुराचा. त्या खोलीत बसणाऱ्या, न खाणाऱ्या माणसाचा असतो तेवढाच.” तिचा आवाज फुटला. “तुझीच आहे. तू सोडलीस.”

मामाने नाक पुसलं आणि भाताचं ताट पुढे ओढलं.

“मग आता तरी त्या अहवालात माझ्यापुरता बदल कर की. सरकारदरबारी मी अजून खातोच आहे.”

“नियम म्हणजे नियम,” आई म्हणाली. “तिथे तू मरेपर्यंत खाणार.”

मामा हसला, तोंड उघडेल तेवढं.