तळघरातली दुसरी मोटार

धुळ्यात, देवपुरात, अभिमन आबांचं घर आहे. प्लॉट रस्त्यापेक्षा खोलगट होता, म्हणून भर टाकण्याऐवजी आबांनी घराखाली एक लांबट खोली बांधून घेतली. शहाबादी फरशी, जिन्याच्या वळणावर एक खिडकी, बस. वैशाखात वरचे पंखे गरम हवा फेकत असतात, तेव्हा त्या खोलीत अंगावर पातळ चादर घ्यावीशी वाटते.

गेल्या उन्हाळ्यात शेजारचे नथ्थू नाना भर दुपारी आपल्या ओट्यावर कोसळले. पत्र्याचं घर, बायको जाऊन बरीच वर्षं झालेली, एकुलती मुलगी दिपमाला साक्रीला दिलेली. आबांची सून रत्ना वाळत घातलेल्या कुरडया उचलायला बाहेर आली होती, तिने पाहिलं. तिने नवऱ्याला, प्रेमराजला, हाक मारली आणि दोघांनी मिळून नानांना उचलून तळघरात नेलं. ओले टॉवेल अंगावर टाकत रत्ना डॉक्टर येईपर्यंत त्यांच्याशी बोलत राहिली. डॉक्टर म्हणाले, "वेळेवर थंडाव्यात आणलंत. आता दुपारचं त्या पत्र्याखाली यांना ठेवू नका."

दुसऱ्या दिवसापासून जेवणं झाली की रत्ना स्वतः जाऊन नानांना घेऊन यायची. मग मागच्या गल्लीतल्या सुंदरअक्का आपली छोटी बाज घेऊन आल्या. हळूहळू आणखी चार-दोन म्हातारी माणसं यायला लागली. आबांना सोबत झाली. दुपारभर पत्ते, घोरणं आणि चारच्या सुमारास वरून आलेला चहा, असा तो उन्हाळा गेला.

पावसाळ्यात मात्र तळघराची वेगळीच गत व्हायची. आजूबाजूची काळी माती पाणी धरून ठेवते आणि ते भिंतींतून झिरपतं. त्यासाठी कोपऱ्यात खड्डा करून आत मोटार बसवली होती. पाणी साठलं की ती आपोआप सुरू व्हायची आणि बाहेरच्या गटारीत पाणी फेकायची. पण आषाढात एकदा वादळी पाऊस झाला, विजेचा खांब पडला आणि दिवसभर लाईट आली नाही. घरच्या इन्व्हर्टरवर दिवे-पंखे चालले, मोटार चालली नाही. तळघरात गुडघाभर पाणी झालं. गाद्या भिजल्या, सुंदरअक्कांची बाज तरंगायला लागली. गल्लीतल्या लोकांनी रांग लावून बादल्यांनी पाणी उपसलं.

कंबर धरून वर येत प्रेमराज म्हणाला, "पुरे झालं. मुरूम टाकून ही खोली बुजवून टाकू."

रत्ना अंगणात गोधड्या पिळत होती. नाना फाटकाशी उभे होते. त्यांनी विचारलं, "आते उन्हायामा कोठे जावानं वं, पोरी?"

खोली बुजली तर पुढच्या उन्हाळ्यातल्या दुपारी त्यांना पुन्हा त्याच पत्र्याखाली काढाव्या लागणार होत्या.

नानांनी घरी जाऊन मुलीला फोन केला. दिपमालाचं आणि तिच्या नवऱ्याचं साक्रीला इन्व्हर्टर-बॅटरीचं दुकान आहे. नवरा गल्ल्यावर बसतो आणि फिटिंगला गावोगाव दिपमाला जाते. दोन दिवसांनी ती दुकानाचा छोटा टेम्पो घेऊन दारात हजर झाली.

"प्रेमराजभाऊ, बुजवायच्या आधी मला एकदा खाली बघू द्या."

खड्ड्यात टॉर्च मारून ती बराच वेळ उकिडवी बसली. "ही मोटार चांगली आहे. लाईट गेल्यावर ती तरी काय करणार? हिच्याशेजारी दुसरी बसवू, बॅटरीवरची."

"हीच इन्व्हर्टरवर घेता येणार नाही का?" प्रेमराजने विचारलं.

"सुरू होताना ही एकदम जास्त ओढते. घरच्या इन्व्हर्टरला झेपत नाही. बॅटरीची मोटार लहान असते. पाणी थोडं थोडं फेकते, पण खूप वेळ फेकत राहते."

प्रेमराजने शर्टाच्या बाह्या वर केल्या. "सांगा, काय काय आणू?"

त्याने पाईप आणि जोड आणले, बाकी सामान टेम्पोत होतंच. जिन्याच्या वळणावर, पाणी पोचणार नाही आणि खिडकीची हवा लागेल अशा उंचीवर, दिपमालाने लोखंडी फळी ठोकली आणि तिच्यावर बॅटरी आणि चार्जर ठेवला. नवी मोटार जुनीपेक्षा वीतभर उंच बसवली, म्हणजे जुनी थांबली तरच हिची पाळी यावी. फेकलेलं पाणी उलटं खड्ड्यात येऊ नये म्हणून पाईपमध्ये एका बाजूनेच उघडणारा व्हॉल्व्ह घातला. रत्ना जोड सुकेपर्यंत पाईप धरून उभी होती.

"ताई, कामं सोडून आलात," ती म्हणाली.

दिपमाला वायर सोलत होती. "वहिनी, मी तिकडे साक्रीत. उन्हाळ्यात दुपारी फोन लावला आणि नानांनी उचलला नाही की माझ्या घशाखाली घास उतरायचा नाही. यंदा फोन लावला की नाना काय सांगायचे? सुंदरअक्का पत्त्यांत लबाडी करते. तेवढं मी ऐकायचे आणि निवांत जेवायला बसायचे." तिने वायरचं टोक पिळलं. "हे तुमच्यामुळे झालं. मी कधी बोलले नाही, एवढंच."

रत्नाने पाईपवरचा हात हलू दिला नाही. तिचे डोळे भरून आले होते आणि पुसायला हात मोकळा नव्हता.

सगळं जोडून झाल्यावर दिपमालाने जुन्या मोटारीची लाईट बंद केली आणि प्रेमराजला खड्ड्यात पाणी ओतायला सांगितलं. बादल्यांमागून बादल्या गेल्या, पाणी वर चढलं, पण मोटार गप्प. प्रेमराजने दिपमालाकडे पाहिलं. तिने टॉर्च मारली. पाण्याबरोबर वर उचलला जाणारा फ्लोट जुन्या पाईपला अडकला होता. तिने बाही भिजवत मोटार चार बोटं सरकवली. हात काढायच्या आतच मोटार घुरघुरली आणि बाहेर गटारीत पाण्याची धार पडली. वर खिडकीशी बसलेल्या आबांनी ती पाहिली आणि जिन्यातून खाली आवाज दिला, "येतंय बरं का पाणी."

श्रावणात पुन्हा तसाच पाऊस झाला. दुपारीच लाईट गेली. प्रेमराज कामावर होता. रत्ना आणि आबा जिन्याच्या वरच्या पायरीवर उभे राहिले. खाली अंधार होता. थोड्या वेळाने मोटारीचा बारीक आवाज सुरू झाला, थांबला, परत सुरू झाला. संध्याकाळी रत्ना टॉर्च घेऊन उतरली. खड्ड्याच्या कडेला थोडी ओल होती, बाकी फरशी कोरडी.

नाना छत्री घेऊन आले होते. "बठ्ठं पानी बाहेर गयं का?"

"हो नाना, सगळं. बठ्ठं."

तिने तिथूनच दिपमालाला फोन लावला. बोलायचं खूप ठरवलं होतं, पण तोंडून एवढंच आलं, "ताई, चालू आहे." दिपमाला हसली आणि तिने बॅटरीतलं पाणी महिन्याला बघायची आठवण करून दिली.

प्रेमराजने मुरमाचा विषय पुन्हा काढला नाही. उलट येणाऱ्या-जाणाऱ्याला तो जिन्यात नेऊन ती फळी दाखवायचा.

पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी रत्नाने सकाळीच मातीचं खापर चुलीवर चढवलं, हातावर वाढवलेल्या मोठाल्या पुरणपोळ्या भाजल्या, दुधाची किटली आणि डबा घेतला आणि नानांना सोबत घेऊन साक्रीची बस धरली. दिपमाला स्टँडसमोरच्या आपल्या दुकानाच्या पायरीवर एक जुनी बॅटरी पुसत होती. बापाला बसमधून उतरताना पाहून ती फडकं हातात घेऊनच धावली.

"आधी हात धुऊन या," रत्ना म्हणाली. "अजून ऊब आहे तोवर खा."

दिपमालाने दुकानातच तीन स्टुलं मांडली.