फितुराची नात

सत्तर वर्षं ज्याचं नाव या घरात कुणी काढलं नाही, त्या जीवराम पाटलासाठी यंदा आखाजीला, अक्षय्य तृतीयेच्या पितरांच्या सणाला, एक सोडून दोन घागरी भरल्या गेल्या. एक झुलालने, एक सुकदेवने. पितर एकच, पण दोघा भावांना तलाठ्यापुढे आपणच खरे नातू म्हणून मिरवायचं होतं. सणाच्या सुटीत तलाठ्याला जेवायचं आवतण होतं ते त्यासाठीच.

त्यांची थोरली बहीण भागाबाई बोदवडहून गाडीने नरडाण्याला उतरून माहेरी आली होती. वय सासष्ट. ती दोन्ही घागरींकडे बघत बसली. हसू यायला हवं होतं, आलं नाही.

जीवराम त्यांचा आजा. युद्धाच्या काळात त्याने गावात लपलेली चळवळीतली पोरं गोऱ्या सरकारला दाखवून दिली आणि इमानाचं बक्षीस म्हणून नऊ एकर जमीन पदरात पाडून घेतली. स्वातंत्र्य आलं आणि ती जप्त झाली. मग बापाने, अभिमनने, कचेरीत जाऊन आपण जीवरामचा मुलगा नव्हे, लांबचा पुतण्या आहोत असं लिहून दिलं. लेकरांना डाग नको म्हणे! मुलगे सुटले. भागा मात्र अडकली. तिची ठरलेली सोयरीक शिरपूरच्या पाहुण्यांनी एका पत्राने मोडली आणि बापाने तिला बोदवडच्या बिजवराच्या गळ्यात बांधली.

आता ती जप्तीच चुकीची होती असा निकाल लागला होता. जमीन वारसांना मिळणार होती, पण कागदोपत्री वारस कुणीच नव्हता. अभिमन हा जीवरामचाच मुलगा, असं सांगणारा त्या काळचा एकच कागद उरला होता, तो म्हणजे मोडलेल्या सोयरिकीचं पत्र. भागाबाईने ते अठ्ठेचाळीस वर्षं पेटीच्या तळाशी ठेवलं होतं. का ठेवलं, हे तिलाही सांगता आलं नसतं.

तलाठी पानावर बसल्यावर तिने ते सगळ्यांसमोर झुलालपुढे धरलं. "पयले वाच. बठ्ठासले आयकू दे."

झुलालने वाचलं, ‘जीवराम पाटलांचे चिरंजीव अभिमन पाटील यांस. फितुराची नात आमच्या उंबऱ्यात नको. पोरीला बिजवर पाहा, नाहीतर विहीर दाखवा.’

भागाबाई भावांच्या तोंडाकडे बघत होती. कुणीतरी काही म्हणेल, निदान मान खाली घालेल, एवढीच तिची आशा होती.

"चिरंजीव लिखेल शे!" सुकदेव खुलला. "काम झायं!"

झुलालने लगेच हक्कसोडीचा कागद पुढे सरकवला. त्यावर नवं लुगडं ठेवलं. "भागाअक्का, आठे सही कर."

पूर्वीची भागा रडली असती. आज आत काही हललंच नाही. तिने झुलालच्या हातातून पत्र काढून घेतलं, घडी घालून कमरेला खोचलं आणि तलाठ्याकडे वळली.

"साहेब, ये पत्रमां जी पोर शे, ती वारस शे का नही?"

तलाठ्याने हातातला घास खाली ठेवला. "आहे. कायद्याने भावांइतकीच."

"मंग पयले मन्हं नाव लिखा. मंग पत्र."

सकाळपासून एकमेकांशी न बोललेले दोघे भाऊ एकदम ओरडले. तिला ते ऐकू आलं, पण लागलं नाही.

तलाठ्याने पेन उघडलं. "पूर्ण नाव सांगा."

सवयीने नवऱ्याचं नाव ओठांवर आलं होतं, ते तिने गिळलं.

"भागाबाई अभिमन पाटील," ती म्हणाली. "फितुरनी नात. पत्रमां शे तसंच लिखा."