एका रात्रीत हिरवी झालेली टेकडी

"बघा, बघा! काल राख होती, आज रान आहे!" चमत्कारी म्हणवणाऱ्या बाबांचा आवाज भोंग्यातून घुमला आणि दोरीपलीकडची गर्दी हात जोडून पुढे रेटली.

बंद पडलेल्या खाणीतून उपसलेल्या मातीची ती टेकडी. कित्येक वर्षं तिच्यावर काडी उगवली नव्हती. आज ती पायथ्यापासून माथ्यापर्यंत हिरवीगार होती. बाबांनी ते दोन दिवस आधीच सांगितलं होतं आणि अगदी तसंच घडलं. मग काय, सगळ्यांची बुद्धी गहाण पडली.

एवढ्यावर भागलं असतं तर मी कपाळावर हात मारून घरी गेले असते. पण बाबांनी पुढचा डाव टाकला. "जमीन बरी झाली, म्हणजे तिच्या कुशीतलं पाणीही औषध झालं! खाज, दमा, गुडघे, सासूचा स्वभाव, सगळ्यावर एकच पेला!"

गर्दी हसली. टेकडीखालच्या खड्ड्यातून बादल्या वर येत होत्या. त्या पाण्यात बेडूकसुद्धा राहत नाही, इतकं ते आंबट आणि शिशाने भरलेलं. हे मला पक्कं ठाऊक, कारण खाणीच्या जमिनीवर झाडोरा परत येतोय का हे पाहणं हीच माझी नोकरी. लाकडी चौकट टाकायची, आतली रोपं मोजायची, माती-पाणी तपासायला पाठवायचं.

रांगेत सर्वांत पुढे माझा सख्खा भाऊ होता. त्याच्या कडेवर माझी भाची, खाजवून खाजवून हात सोलवटलेले. शेजारी भरलेला पेला घेऊन वहिनी.

"दादा, तिला ते पाजू नकोस."

"तू गप्प बस. वर्षभर मलमं चोळली. पोर रात्र रात्र झोपत नाही. तू जा, गवत मोज तुझं."

"मग गवतच बघू या," म्हणत मी दोरी ओलांडली.

"पाय लागला तर भस्म होशील!" बाबा कडाडले. "ओढा तिला बाहेर!" दोघंजण धावले, एकाने माझा दंड पकडला. भीती वाटली, खोटं कशाला बोलू? पण मी खाली बसले आणि ओला रुमाल जमिनीवर घासला. रुमाल हिरवा झाला.

"धरतीचं रक्त आहे ते!" बाबा क्षणात म्हणाले. गर्दीतून हुंदका आला. माणूस हजरजबाबी होता, यात शंका नाही.

"असेल. पण मग मूळ दाखवा. एक काडी मुळासकट उपटून दाखवा. दादा, तूच उपट."

दादाने पोरीला वहिनीकडे दिलं. वाकला. त्याच्या मुठीत भिजलेल्या रद्दीसारखा एक पापुद्रा आला. खाली तीच उघडी, राखाडी माती.

"कागदाचा लगदा आहे हा," मी मोठ्याने म्हणाले. "झाडोरा परत आणायला त्यात बी, डिंक आणि रंग कालवून टँकरने फवारतात. एवढ्या उभ्या उतारावर रोपं लावता येत नाहीत. रंग अशासाठी, की कुठे फवारलं आणि कुठे राहिलं ते दिसावं. बी अजून रुजलेलंही नाही. " गर्दीत फवारणीचा टँकर चालवणारे काका मला दिसले. "काका, काल संध्याकाळी रस्ता बंद करून तुम्हीच फवारलंत ना? बाबांना दिवस कुणी सांगितला?"

काकांची मान खाली गेली. "पाया पडायला गेलो होतो. त्यांनी विचारलं, मी सांगितलं. मला वाटलं, त्यांना झाडांची आवड आहे."

बाबा चपला शोधू लागले. वहिनीने पेला मातीत ओतला.

"वहिनी, हिने घोट घेतला नाही ना?"

"नाही," दादाच बोलला. पोट धरून तो खाली बसत होता. "तिच्याआधी मी प्यायलो. दोन पेले. म्हटलं, आपण आधी बघावं, मग लेकराला द्यावं."

मला त्याचा राग आला आणि रडूही आलं. जीपमध्ये त्याचं डोकं मांडीवर घेऊन मी दवाखाना गाठला. डॉक्टर म्हणतात, वेळेवर आणलंत, वाचेल.

माझा भाऊ मूर्ख नाही. आधी तपासावं, मग विश्वास ठेवावा, हे त्याला कळत होतं. फक्त ती परीक्षा त्याने बाबांची घेतली नाही, स्वतःच्या पोटाची घेतली. तुम्ही बाबांची घ्या. प्रश्न विचारल्याने कुणी भस्म होत नाही.